मीटरवर चोवीस, तरी सेल्फ का उचलत नाही?



नववीच्या ‘धाराविद्युत’ या प्रकरणात ओहमचा नियम आपण शिकलो. विभवांतर बरोबर विद्युतधारा गुणिले रोध. परीक्षेत त्यावर छोटं उदाहरण येतं, आकडे घालायचे, उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या, संपलं. गेल्या पावसाळ्यात मात्र दहावीतला एक मुलगा तास संपल्यावर टेबलापाशी घुटमळत राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्या गाडीच्या बॅटरीवर मीटर चोवीस दाखवतंय, दिवे झगझगीत लागतायत, हॉर्न वाजतोय. मग सेल्फ का उचलत नाही?”

त्याच्या वडिलांचा एकच ट्रक आहे, जुना. नंबर एमएच-०२ चा, म्हणजे बोरीवलीला स्वतःचा एमएच-४७ मिळाला त्याच्या कितीतरी आधीची गाडी. पालघरकडून बांधकामाचा माल आणायचा, बोरीवली-कांदिवलीत खाली करायचा, हा धंदा. तीन दिवस गाडी हायवेच्या सर्व्हिस रोडला उभी होती. एका मेकॅनिकनं सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले. दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, दोन्ही बॅटऱ्या नव्या टाका. दोन मोठ्या बॅटऱ्या म्हणजे त्या घराचं महिन्याचं गणित, आणि गाडी उभी म्हणजे कमाई बंद. तेव्हा हे उदाहरण दोन गुणांचं नव्हतं. त्याच्यावरच आजचा पाठ.

आधी शब्दांचं बघू. इंजिन सुरू करायला त्याला बाहेरून फिरवावं लागतं. पूर्वी पुढून हँडल घालून फिरवायचे. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगनं तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू गेलं. इंजिन ‘स्वतःच’ सुरू होतं म्हणून इंग्रजीत सेल्फ-स्टार्टर म्हणायचे, आपल्याकडे त्यातला ‘सेल्फ’ तेवढा उरला. पुस्तकात ज्याला विद्युत चलित्र म्हणतात तेच हे यंत्र. आणि त्याच्या पाठीवर जो छोटा डबा बसवलेला असतो तो सोलेनॉइड, म्हणजे दहावीच्या पुस्तकातला आपला नालकुंतल. गॅरेजमध्ये नालकुंतल म्हणालात तर कोणी पाना देणार नाही, पण वस्तू तीच.

करंट जातो कुठून, येतो कुठून

जुन्या जड ट्रकमध्ये साधारणपणे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात, मिळून २४. (आपल्या गाडीत १२ आहे की २४ हे आधी बघा, गृहीत धरू नका.) सेल्फसाठी त्यातून दोन वेगळे रस्ते निघतात.

पहिला रस्ता बारीक वायरचा. बॅटरीकडून चावीपर्यंत, चावीतून किंवा डॅशबोर्डवरच्या बटणातून, बहुधा एका रिलेतून, सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलपर्यंत. या टर्मिनलवर पुष्कळदा ‘५०’ असा आकडा कोरलेला दिसतो. दुसरा रस्ता अंगठ्याएवढ्या जाड केबलचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टपर्यंत. त्याचा आकडा ‘३०’. ही जर्मन पद्धतीची खूण आहे. टाटांचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले तेच मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं, तेव्हा असे आकडे आपल्या रस्त्यावर दिसणं नवल नाही.

चावी फिरवली की बारीक रस्त्यानं सोलेनॉइडला वीज मिळते, तो आतला दांडा ओढतो. दांड्याच्या एका टोकानं सेल्फचं छोटं चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतं, दुसऱ्या टोकाला तांब्याची चकती असते ती दोन जाड बोल्टांना जोडते. आपण ऐकतो तो ‘कट्’ आवाज याचाच. मग जाड रस्त्यानं खरा करंट मोटरमध्ये शिरतो. किती? मोठ्या डिझेल इंजिनाला फिरवताना दोन-तीनशे ॲम्पिअर आरामात, सुरुवातीच्या क्षणाला त्याहून जास्त. घरातल्या पंख्याला अर्धा ॲम्पिअरसुद्धा लागत नाही, यावरून अंदाज करा.

आता इथेच बहुतेक जण थांबतात: बॅटरीतून करंट निघाला, सेल्फमध्ये गेला. पण परिपथ पूर्ण व्हायला तो परत यायला नको का? सेल्फच्या लोखंडी अंगातून तो इंजिनात उतरतो. इंजिन रबराच्या पायांवर बसवलेलं असतं, रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारांचा एक पट्टा लावलेला असतो, अर्थचा पट्टा. तिथून चासी, आणि चासीपासून एक केबल बॅटरीच्या निगेटिव्हला. जाण्याच्या वाटेवर जेवढा करंट, येण्याच्या वाटेवर तेवढाच. लोक मात्र लाल केबल चकचकीत ठेवतात आणि गिअरबॉक्समागे चिखलात लोंबणाऱ्या पट्ट्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

जिना रिकामा असतानाची मोजणी

बोरीवली स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा. समजा जिन्याचा अर्धा भाग दुरुस्तीसाठी पत्रे लावून बंद केलाय. रात्री दोन वाजता एक माणूस जिना चढला, त्याला काहीच अडचण आली नाही. त्यावरून जिना ठीक आहे असं म्हणाल का? संध्याकाळी विरार फास्ट रिकामी झाली की कळेल.

मल्टिमीटर हा तो रात्री दोनचा माणूस आहे. व्होल्ट मोजताना तो इतका नगण्य करंट घेतो की केबलची एकच तार शाबूत असली तरी तो पलीकडे पूर्ण चोवीस दाखवतो. गाडीचा छोटा दिवा म्हणजे चार-पाच माणसं, तीही निघून जातात. सेल्फ म्हणजे विरार फास्ट.

आता ओहमचा नियम लावा. एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम रोध आहे. मीटर घेऊन तो रोध मोजायला जाल तर साध्या मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त, काही कळणार नाही. दिव्याचा २ ॲम्पिअर करंट त्यातून गेला तर विभवांतर पडेल ०.०२ व्होल्ट. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण सेल्फचा ३०० ॲम्पिअर गेला की ३ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. शिवाय ३ व्होल्ट गुणिले ३०० ॲम्पिअर म्हणजे ९०० वॅट उष्णता, एक अख्खी इस्त्री, त्या एवढ्याशा जोडात. म्हणून जुने मेकॅनिक चार-पाच वेळा सेल्फ मारून मग जोडांना हात लावून बघतात. गरम लागला तो चोर. ही अडाणी पद्धत नाही, जूलचा नियमच आहे. फक्त हात जपून लावा, चटका बसू शकतो.

म्हणजे करायचं काय? बॅटरीवर चोवीस आहेत का, एवढं विचारून भागत नाही. सेल्फ मारत असताना ते चोवीस वाटेत कुठे कुठे पडतात, हे विचारायचं.

गाडीखाली जाण्याआधी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. गाडी न्यूट्रलला आहे याची खात्री केबिनमध्ये चढून स्वतः करायची, दुसऱ्याच्या शब्दावर नाही. हँडब्रेक ओढायचा आणि तरीही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावायचे. सेल्फजवळ वाकून ३० आणि ५० या दोन टर्मिनलना स्क्रू-ड्रायव्हर टेकवून गाडी चालू करायची सवय रस्त्यावर सर्रास दिसते. गाडी गिअरमध्ये राहिलेली असेल तर ती तिथल्या तिथे पुढे सरकते, आणि माणूस चाकापुढेच असतो. यात माणसं मरतात.

हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायची, जोडताना ती शेवटी लावायची. कारण पॉझिटिव्हवर पाना असताना तो चासीला लागला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. चुकून ॲम्पिअरवर ठेवून बॅटरीला लावलात तर मीटर गेला, कदाचित बोटंही भाजतील.

मोजताना इंजिन चालू व्हायला नको, नुसतं फिरायला हवं. जुन्या गाड्यांत ते सोपं असतं: इंजिन बंद करायची स्टॉपची नॉब दुसऱ्याला ओढून धरायला सांगा, पंप डिझेल देत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ द्या.

मोजणी

रविवारी सकाळी मी, तो मुलगा आणि त्याचे वडील गाडीपाशी गेलो. पाऊस थांबलेला होता, खाली सगळा चिखल. सेल्फ मारल्यावर इंजिन दोन-तीन वेळा दमल्यासारखं फिरायचं आणि मग नुसतं ‘कट्’. केबिनमधले दिवे मात्र फारसे मंदावत नव्हते. ही खूण महत्त्वाची आहे. बॅटरीच उतरलेली असेल किंवा बॅटरीच्या खांबावरचाच जोड सैल असेल, तर सेल्फ मारताना दिवेही मेल्यासारखे होतात. दिवे तेज आणि सेल्फ मेलेला, म्हणजे बॅटरीत दम आहे पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही, किंवा सेल्फच आतून बिघडलेला आहे.

तरी बॅटऱ्यांपासूनच सुरुवात केली. दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या: १२.६ आणि १२.५. बेरीज २५.१. वेगवेगळ्या मोजायचं कारण असं की पुष्कळ ड्रायव्हर केबिनमधला टेप किंवा मोबाइलचा चार्जर बारा व्होल्टसाठी एकाच बॅटरीवरून घेतात. ती बिचारी रोज जास्त रिकामी होते, चार्जिंग मात्र दोघींना सारखंच मिळतं, आणि काही महिन्यांत एक बॅटरी १२.६ तर दुसरी ११.८ अशी जोडी तयार होते. इथे तसं नव्हतं.

मग मुलाला केबिनमध्ये बसवलं, वडिलांनी स्टॉपची नॉब धरली, आणि मी मीटरच्या दोन सुया चार ठिकाणी लावून बघितलं. पहिल्यांदा बॅटरीच्या दोन टोकांच्या खांबांवर. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नाही, नाहीतर त्या दोघांमधला गंज सुटून जातो. सेल्फ मारताना २३.४ व्होल्ट. दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा ३० चा बोल्ट: ०.४. तिसऱ्यांदा त्याच ३० च्या बोल्टापासून सेल्फच्या अंगापर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष सेल्फला मिळणारे: १५. शेवटी सेल्फचं अंग ते बॅटरीचा निगेटिव्ह खांब: ८ व्होल्ट.

मुलानं हे आकडे वहीत मांडले. ०.४ अधिक १५ अधिक ८ बरोबर २३.४. एकसर जोडणीत प्रत्येक भागावरच्या विभवांतरांची बेरीज एकूण विभवांतराइतकी असते, हे वाक्य त्यानं परीक्षेत लिहिलेलं होतं. ते इंजिनाच्या तेलानं माखलेल्या बोटांनी पुन्हा लिहिताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

ढोबळ हिशेब असा ठेवा: २४ व्होल्टच्या गाडीत जाण्याच्या आणि येण्याच्या वाटेवर मिळून एक व्होल्टच्या आसपास पडला तर चालतो. इथे नुसत्या परतीच्या वाटेवर आठ. समजा दोनशे ॲम्पिअर वाहत असतील, तर सोळाशे वॅट परतीच्या वाटेवर जळत होते.

आता त्या आठचे तुकडे करायचे. निगेटिव्ह खांब ते चासी मोजलं: ०.१. चासी ते इंजिन: ७.९. संपला तपास. गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सच्या मागे तो विणलेला पट्टा होता, पण त्याच्या निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या, आणि चासीच्या बाजूचा बोल्ट कधीतरी रंगकाम झालं तेव्हा रंगाच्या थरावरच आवळलेला. रंग म्हणजे इन्सुलेशनच.

मग मुलाच्या वडिलांना एक गोष्ट आठवली. स्टॉपच्या नॉबची जी लोखंडी वायर केबिनमधून इंजिनावरच्या पंपाकडे जाते, तिचं प्लॅस्टिकचं कव्हर मध्यंतरी वितळलं होतं. त्यांना वाटलं, इंजिनाच्या उष्णतेनं. खरं कारण वेगळं होतं. परतीचा नेहमीचा रस्ता बंद झाल्यावर करंटनं गल्लीबोळ शोधले. केबिनला आणि इंजिनला जोडणारी जी जी धातूची वस्तू सापडली तिच्यातून तो वाहू लागला, आणि ती बारीक वायर एवढ्या करंटसाठी केलेलीच नव्हती. ॲक्सिलरेटरची वायर, स्पीडोमीटरची केबल, गिअरचे दांडे यांचंही असं होतं. अशी वायर विनाकारण गरम लागली तर आधी इंजिनाची अर्थ बघा. डिझेलच्या नळ्या जवळच असतात.

नवा पट्टा आणला. चासीवरचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासली, आवळली, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावलं. गोराईच्या खाडीकडून येणारी खारी हवा आणि चार महिने चाकांनी उडवलेलं पाणी, यात उघडा जोड टिकत नाही. पुन्हा मोजलं. पॉझिटिव्हच्या वाटेवर ०.७, अर्थच्या वाटेवर ०.३, सेल्फला २१.१. आणि बॅटरीच्या खांबांवर २२.१.

“सर, बॅटरी तर आधीपेक्षा खाली गेली,” मुलगा म्हणाला. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आधी २३.४ होती, आता २२.१, आणि गाडी मात्र झटक्यात फिरतेय! बॅटरीच्या आतही थोडा रोध असतो. करंट जास्त वाहिला की बॅटरीच्या आतच जास्त व्होल्ट पडतात, बाहेर कमी दिसतात. आधी वाटेतल्या अडथळ्यामुळे बॅटरीला काम करायलाच मिळत नव्हतं, म्हणून ती ताजीतवानी दिसत होती. पॉझिटिव्हची तीच केबल, पण तिच्यावर ०.४ ऐवजी ०.७ पडले, याचाही अर्थ तोच: करंट जवळपास पावणेदोन पट झाला. दोनशेचे साडेतीनशे धरा. सेल्फ मारताना बॅटऱ्या १९ व्होल्टच्या खाली कोसळल्या असत्या तर मात्र बॅटऱ्यांवर संशय घ्यायला हवा होता.

हे असं दिसलं नाही तर

अर्थ नीट, पॉझिटिव्ह नीट, सेल्फला वीस-एकवीस व्होल्ट मिळतायत आणि तरी तो फिरत नसेल, तर दोष सेल्फच्या आत आहे, तो खोलावा लागेल. त्याआधी एक मोजणी करा: सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर सुया लावून चावी फिरवा. ‘कट्’ झाल्यावर तिथे शून्याच्या जवळचा आकडा यायला हवा, कारण आतली चकती दोघांना जोडते. पूर्ण चोवीस तसेच राहिले, तर चकती जळलेली आहे. इथे शून्य आलं की आनंद मानायचा, हे मुलांना पहिल्यांदा विचित्र वाटतं.

‘कट-कट-कट-कट’ अशी माळ लागते तेव्हाचं कारण गमतीदार आहे. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक दांडा ओढणारी आणि एक ओढलेला धरून ठेवणारी. दांडा ओढला गेला, चकती जुळली, मोटरचा करंट सुरू झाला, आणि उतरलेल्या बॅटरीमुळे किंवा वाईट जोडामुळे व्होल्ट धाडकन पडले. धरणाऱ्या गुंडाळीत जोर उरला नाही, स्प्रिंगनं दांडा मागे गेला. मोटर सुटल्याबरोबर व्होल्ट परत वर, दांडा परत आत. सेकंदाला कित्येक वेळा. दिवेही त्याच तालावर मरत असतील तर बॅटरी आणि तिचे खांब बघा, दिवे तेज असतील तर पुढचे जोड.

आणि अजिबात आवाज नाही, तर दोष बारीक रस्त्यात. इथे मीटरपेक्षा चोवीस व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरींचा टेस्ट लॅम्प मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो थोडा तरी करंट खेचतो. ५० च्या टर्मिनलवर चावी फिरवताना बल्ब लागला तर वायर ठीक, सोलेनॉइड बघा. लागला नाही तर मागे मागे जा: रिले, बटण, चावी, फ्यूज. केबिनच्या पत्र्यातून वायर बाहेर पडते तिथलं रबर कुजलेलं असतं आणि वायर पत्र्याला घासून तुटते, ही जागा आधी बघा. बल्ब मिणमिणता लागला तर चावीचे पॉइंट जळलेले असण्याची शक्यता मोठी.

घरी करायला एक उदाहरण देतो. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरा. ३ मीटर लांबीची, ७० चौरस मिलिमीटर जाडीची केबल ३०० ॲम्पिअर करंट नेत असेल तर तिच्यावर किती व्होल्ट पडतील? आता तीच केबल दुकानदारानं स्वस्तात दिलेली २५ चौरस मिलिमीटरची असेल तर? पहिलं उत्तर ०.२२ च्या आसपास आलं पाहिजे. दुसरं तुम्ही काढा, आणि केबल जाड दिसत असली तरी वरचं रबरच जाड नाही ना, हे टोक सोलून बघा.